फुकट दळणाचा महिना

नांदेडला दोन वर्षं घासून मी अर्थशास्त्रात एम.ए. झालो, पण भांडवलशाही म्हणजे काय हे मला कळलं ते सेनगाव तालुक्यातल्या एका पिठाच्या गिरणीत. हे वाक्य मी एका मुलाखतीत बोललो होतो. समोरचे तिघं हसले आणि त्यांनी मला घेतलं नाही. तरीही ते इथं पुन्हा लिहितो, कारण ते खरं आहे आणि त्या तिघांपैकी एकानंही कधी स्वतःचं दळण स्वतः उचलून नेलेलं नसणार.

गावाचं नाव सांगत नाही. साखऱ्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून, एवढं पुरे. गिरणीवाल्या बाईचंही नाव सांगत नाही. सगळं गाव तिला आक्का म्हणायचं, मीही म्हणायचो. आपलं नाव कुठं छापून आलेलं तिला चाललं नसतं. "माहं नाव लावून तुमी काय कमावता, ते आधी सांगा," असं तिनं नक्की विचारलं असतं.

मी त्या गावच्या कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवायला गेलो होतो. म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढ्याच तासांचे पैसे. दिवाळीची सुट्टी लागली की पोरं खूश आणि आम्ही उपाशी. दर जूनला अध्यक्षांच्या सहीची नवी ऑर्डर निघायची. ती निघाली तर नोकरी, नाही निघाली तर गाशा गुंडाळायचा. राहायला खोली मिळाली आक्काच्या गिरणीच्या मागं, भिंतीला भिंत लागून. सकाळी मोटार सुरू झाली की माझा कप बशीत नाचायला लागायचा. दुसऱ्याच दिवशी मी तक्रार केली.

"आक्का, खोली हादरते हो."

"म्हनून तर भाडं कमी हाय. न हादरणारी खोली पाहिजे तर सेनगावला पाहा. तिथं भाडं ऐकून तुमी हादरतान."

वय असेल पंचावन्नच्या आसपास. नक्की सांगता येत नाही, कारण केस, भुवया, पापण्या सगळं पिठानं पांढरं. साडीवर पुरुषी फुलबाह्यांचा शर्ट, शेतात जाणाऱ्या बाया घालतात तसा. पीठ पडायला लागलं की ती दोन बोटांत चिमूट धरून चोळायची आणि डोळे मिटायची. जाड आलं तर मोटार बंद करून दगड आवळायची. रांगेतली माणसं ओरडली तरी ऐकायची नाही. भिंतीवर मोबाइलनं पैसे द्यायचं स्कॅनर होतं, त्यावरही पीठ. पैसे द्यायचे तर आधी ते फुंकून घ्यावं लागे.

आमचं पहिलं खरं बोलणं झालं ते मी डबा घेऊन गेलो तेव्हा.

"काय शिकवता?"

"अर्थशास्त्र. सध्या भांडवलशाहीची वैशिष्ट्ये सुरू आहेत."

"किती हायेत?"

"सहा."

"बोला."

मी धडाधड बोललो. खाजगी मालमत्ता, नफ्याचा हेतू, स्पर्धा, असं करत ग्राहकाच्या सार्वभौमत्वापर्यंत आलो, तेव्हा तिनं हात वर केला. "हे शेवटचं काय हाय?"

"ग्राहक हा राजा असतो, असा त्याचा अर्थ."

तिनं कट्ट्याकडं पाहिलं. दहाबारा बायामाणसं भिंतीला टेकून उकिडवी बसली होती, समोर डब्यांची ओळ. "राजा कधी डबा घिऊन उकिडवा बसलेला पाह्यला का, सर?" सगळा कट्टा हसला. पाच वर्षं मी ते वैशिष्ट्य पाठ करत होतो आणि मला ही शंका कधी आली नव्हती.

तिच्या घरची व्यवस्था अशी, की गिरणी तिची आणि नवरा नोकर. लग्नानंतर वीस वर्षं दुसऱ्यांच्या शेतात राबून झाल्यावर तिनं आपल्या शेळ्या विकल्या, माहेरच्या पाटल्या विकल्या आणि हिंगोलीहून जुनी गिरणी आणली. "पैसा पेटीत असतो तवा तो नुसता पैसा," ती सांगायची. "त्यो कामाला लावला, त्याच्यावर दुसरं काही पिकाय लागलं, की त्याला म्हनायचं भांडवल. पाटल्या हातात होत्या तवा बाया नुसत्या पाहत होत्या. आता त्याच बाया दळण घिऊन येतेत." नवऱ्याला गावात सगळे 'मालक' म्हणत. नवरा म्हणून मालक म्हणायची रीत आहेच, पण ह्या घरात त्याची पार चेष्टा झाली होती. नवा माणूस आला की आक्का ओळख करून द्यायची, "हे आमचे मालक. माह्याकडं कामाला हायेत."

बाजाराच्या दिवशी ती त्यांना मजुरी द्यायची. चारचौघांत, कट्ट्यावर. मालक ती कपाळाला लावून खिशात टाकत. गावातल्या मोठ्या माणसांना हे फार लागायचं. घरातल्या माणसाला कुणी पगार देतं का, असं एकानं विचारलं. आक्का म्हणाली, "तुमच्या घरच्या बाईला देत न्हाईत तुमी, म्हनून तुमाला नवल वाटून राहिलं."

एकदा मालकांनी संप केला. खरंच केला. समोरच्या पारावर जाऊन बसले आणि म्हणाले, मजुरी वाढवल्याशिवाय पोत्याला हात लावणार नाही. घरी जेवायला जायचे, झोपायला जायचे, सकाळी पुन्हा पारावर. आक्कानं दोन दिवस एकटीनं पोती उचलली. तिसऱ्या दिवशी कंबर धरून पारावर आली. पन्नास माणसं जमली होती.

"दुसरा मानूस यापेक्षा कमीत मिळून राहिला मला," आक्का म्हणाली.

"आन की मंग. त्याला दगडाला टाकी लावता येती का, तेवढं इचार," मालक म्हणाले. गिरणीचा दगड गुळगुळीत झाला की छिन्नीनं टाकी लावून तो पुन्हा खरबरीत करावा लागतो, आणि ते काम त्या पंचक्रोशीत मालकांसारखं कुणाला जमत नव्हतं. आक्कानं कंबरेवरचा हात काढला. मग म्हणाली, "चला. वाढवली." संध्याकाळी मला म्हणाली, "कामगाराच्या हातात कसब आसलं की मालकाला झुकावंच लागतं. हे तुमच्या सहात हाय का?"

"नाही."

"मंग सातवं लिहा."

मी दुसऱ्या दिवशी वर्गात सातवं लिहून दिलं. पुस्तकात नाही म्हणून एका मुलानं प्राचार्यांकडं तक्रार केली.

थ्री फेज लाइट दिवसातले आठ तास असायची, आणि तीही मध्येच जायची. लाइट गेली की गिरणीत शाळा भरायची. एकदा तांड्यावरच्या एका म्हातारीनं आक्कालाच पकडलं. म्हातारी दर आठवड्याला दोन कोस चालत यायची, डोक्यावर ज्वारी घेऊन. ती म्हणाली, "आक्का, दगड फिरतो लाइटीवर. पोतं उचलतो तुहा मालक. तू नुसती बसून राहती. पैसे कशाचे घेती?"

मला वाटलं आता आक्का भडकणार. पण तिनं उत्तराचा विचार केला. "धोक्याचे घेते," ती म्हणाली. "उद्या मोटार जळाली तर भरायला तू येशील का? मलाच भरावं लागंल. त्या भ्यावाचे पैसे."

"मोटार जळाली तर तुहा मालक बी बिनपगारी बसंल. त्याला काय भ्याव न्हाई?"

लाइट आली आणि आक्कानं मोटार सुरू केली. त्या आठवड्यापासून गिरणी बंद असलेल्या दिवसाचीही अर्धी मजुरी मालकांना मिळायला लागली. आपण हरलो हे कबूल करायला तिला लाज वाटत नसे, पण हरवणाऱ्याला आधी बरोबर बोलावं लागे. मी ज्या प्राध्यापकांच्या हाताखाली शिकलो त्यांच्यात हा गुण मला आढळला नाही.

आता अध्यक्षांचं सांगतो. आमच्या संस्थेचे अध्यक्ष म्हणजे गावातलं सगळ्यात मोठं घर, शंभर एकर हळद आणि सोयाबीन, दोन ट्रॅक्टर, एक महाविद्यालय. एकदा त्यांच्या घरचा डबा घेऊन ड्रायव्हर आला आणि त्यानं तो ओळीत सगळ्यात पुढं ठेवला. गिरणीत माणसाऐवजी डबा उभा राहतो. डबा ठेवून माणूस शेतात जाऊन आला तरी त्याचा नंबर जात नाही, आणि दुसऱ्याच्या डब्याला कुणी हात लावत नाही. आक्कानं लावला. अध्यक्षांचा डबा उचलला आणि ओळीच्या शेवटी, तांड्यावरच्या म्हातारीच्या मागं ठेवला.

ड्रायव्हर म्हणाला, "आक्का, साहेबांचा हाय."

"साहेबांची ज्वारी लवकर नासती का?"

एवढंच झालं. पण दोन महिन्यांत समोरच, रस्त्याच्या पलीकडं, अध्यक्षांची गिरणी उभी राहिली. नवं शेड, नवी मोटार, परगावचा ऑपरेटर आणि भला मोठा फलक: 'उद्घाटनानिमित्त महिनाभर सर्वांना दळण फुकट.' कॉलेजात शिपाई आमच्या कानाशी येऊन सांगून गेला, की कर्मचाऱ्यांनी दळण कुठं न्यावं हे वेगळं सांगायला नको.

पहिले दोन दिवस लोक मागच्या गल्लीनं गेले. तिसऱ्या दिवसापासून सरळ रस्त्यानं. मीही गेलो, हे कबूल करतो. डबा कापडी पिशवीत घालून, मान खाली घालून निघालो, तर आक्का दारातच उभी.

"झाकून काहून नेऊन राहिले? चोरीचा हाय का?"

"आक्का, ऑर्डरचा प्रश्न आहे हो..."

"मी काही म्हनलं का? जा. फुकट मिळत असताना पैसे द्यायला माह्याकडं येईल त्याला मीच येडं म्हनीन." ती माझ्यावर रागावली असती तर बरं झालं असतं. मी पीठ घेऊन परत आलो आणि भाकरी करताना मला स्वतःचीच शरम वाटली.

आठ दिवस तिच्या गिरणीत चिमणी फिरकली नाही. मालक पारावर बसून विड्या ओढत होते. समोरचं फुकट दळण लांबलं तर गिरणी विकावी लागेल हे गावाला दिसत होतं, आणि विकत घेणारा कोण हेही दिसत होतं. आक्का दारात बसून रस्त्यापलीकडं बघायची. डोळे बारीक करून, पीठ तपासताना बघायची तशी. नवव्या दिवशी सकाळी तिनं हातगाडी बाहेर काढली.

घरोघर फिरली. "दळण द्या, संध्याकाळच्या आत पीठ घरपोच. दळायचे पैसे न्हाईत, नुसते आणायनेयचे. अर्ध्या भावात." बायांना सोयाबीन काढायला जायचं होतं, कोण समोर रांगेत दिवस घालवणार? वीसेक डबे गाडीवर चढले. मालकांनी गाडी ओढत रस्ता ओलांडला आणि वीसच्या वीस डबे अध्यक्षांच्या गिरणीत ओळीनं मांडले. मग शेजारच्या गावाहून जीपच्या टपावरून पोती यायला लागली. तांड्यावरूनही आली.

ऑपरेटर धावत अध्यक्षांकडं गेला. अध्यक्ष काय करणार? फलकावर 'सर्वांना' लिहिलं होतं आणि फलक त्यांच्याच फोटोसकट होता.

मी आक्काला विचारलं, "हे चालतं का?"

"न चालायला काय झालं? मोटार त्याची, लाइट त्याची, ऑपरेटर त्याचा. गाडी माही. त्यो मला बुडवाय निघाला, तर मी त्याच्याच पान्यात कपडे धुऊन राहिले." मग गंभीर होऊन म्हणाली, "सर, ज्याच्याकडं भांडवल मोठं त्याच्याशी भांडवलानं लढू नये. त्याचं भांडवल त्याच्याच अंगावर कसं पडंल ते पाहावं."

अठराव्या दिवशी अध्यक्षांची मोटार जळाली. ती वाइंडिंग भरायला हिंगोलीला गेली, चार दिवसांनी आली, आणि फलकावर 'माणशी एक डबा' अशी ओळ वाढली. आक्कानं घरटी माणसं मोजली आणि तेवढे डबे मांडले.

पण तिनं एक गोष्ट समोर नेली नाही. नवरात्र जवळ आलं होतं. उपासाचं दळण, म्हणजे भगर, राजगिरा, साबुदाणा, ती स्वतःच्याच गिरणीत दळायची. आदल्या दिवशी दगड उघडून, धुऊन, वाळवून. त्यात गव्हाचा कण गेला तरी उपास मोडतो, आणि हा हिशेब त्या गावात देवापेक्षा कडक पाळतात. ती घरोघर सांगून आली, "भगर तिथं देऊ नका. ते दगड धूत न्हाईत." त्याचे पैसे मात्र ती पुरते घ्यायची. म्हणून बऱ्याच बायांनी भगरही पलीकडंच दिली.

दुसऱ्या माळेला सरपंचांच्या आईनं थालीपिठाचा दुसरा घास घेतला आणि थांबली. तिसरा घेतला. मग सुनेला म्हणाली, "ह्यात बेसन हाय." तासाभरात गल्लीगल्लीतून बाया पिठाचे डबे घेऊन उन्हात आल्या. पांढऱ्या भगरीत पिवळे कण. परगावच्या ऑपरेटरनं हरभऱ्याच्या डाळीवरच भगर ओतली होती. अर्ध्या गावाचा उपास दुसऱ्याच दिवशी मोडला होता आणि कुणाकुणाचा तर नवसाचा होता. बाया फलकाखाली जमून जे बोलल्या ते मी लिहीत नाही.

मी आक्काला म्हणालो, "जिंकलात."

"मी कुठं जिंकले? लोकांचा उपास गेला." तिला खरंच वाईट वाटलं होतं. "पन एक सांगा, सर. स्वस्त ते चांगलं, हे कोन शिकवतं तुमच्या पुस्तकात?" कुणीच शिकवत नाही, पण सगळे तसंच गृहीत धरतात, असं मी सांगितलं.

दसऱ्यापासून समोर पैसे घ्यायला लागले आणि आक्काची ओळ पुन्हा भरली. मीही माझा डबा, पिशवी न घालता, इकडं आणला. दिवाळी झाल्यावर एका सकाळी अध्यक्ष स्वतः रस्ता ओलांडून आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, पायात नवे बूट. कट्टा गच्च भरला होता. ते आक्काजवळ वाकून बोलायला लागले. मोटारीच्या आवाजात कुणाला काही ऐकू येईना.

आक्कानं मोटार बंद केली. "हां. आता बोला."

अध्यक्ष हसले. "अहो, घरातलं बोलनं हाय. भांडन कशाला? लाइट बिल वाढून राहिलं. तुमी बी भाव वाढवा, मी बी वाढवतो. दोघांचा एकच भाव. तुमाला तकलीफ न्हाई, मला तकलीफ न्हाई."

"आन ह्यांना?" आक्कानं कट्ट्याकडं बोट केलं.

"लोकं काय, लोकं देतेत. दळल्याबिगर राहतील का?" मग त्यांचा आवाज जरा खाली आला, पण आता शांततेत तो सगळ्यांना ऐकू गेला. "न्हाई जमलं तर मी वरीसभर फुकट चालवतो. मला परवडतं. तुमाला परवडंल का, ते पाहा."

आक्का बोटांतली पिठाची चिमूट चोळत राहिली. तिला परवडणार नव्हतं. हातगाडीची युक्ती एका महिन्याची होती, वर्षाची नाही. मालक साठीला आले होते.

तेवढ्यात अध्यक्षांचं लक्ष माझ्याकडं गेलं. "हे पाहा, आपले सरच हायेत की. सर, तुमी अर्थशास्त्राचे. आक्काला जरा समजावून सांगा. बाजारात असंच असतं, व्हय का न्हाई?"

सगळा कट्टा माझ्याकडं वळला. मला जून दिसत होता. घरी माझ्या ऑर्डरच्या भरवशावर बहिणीच्या लग्नाची बोलणी सुरू होती. 'हो, असंच असतं' एवढं म्हणायचं होतं. खरं तर ते खोटंही नव्हतं. बाजारात असंच असतं.

"अध्यक्षसाहेब," मी म्हणालो, "तुम्ही विचारलं म्हणून सांगतो. दोन दुकानदार एकमेकांशी चढाओढ करतात, म्हणून गिऱ्हाइकाला बरा माल बऱ्या भावात मिळतो. ती स्पर्धा. भांडवलशाहीत सांगण्यासारखं जे काही चांगलं आहे ते त्या एका गोष्टीवर उभं आहे. दोघांनी मिळून भाव ठरवला की ती संपली. त्याला संगनमत म्हणतात. आणि वर्षभर फुकट दळून समोरच्याला उठवायचं, मग एकट्यानं हवा तो भाव लावायचा, त्याला मक्तेदारी म्हणतात. तो पुढचा धडा आहे. परीक्षेला हमखास येतो."

"म्हंजी आधी फुकट, मंग दुप्पट?" तांड्यावरच्या म्हातारीनं विचारलं.

"हो आजी. दुप्पट, तिप्पट. तेव्हा जायला दुसरी गिरणी राहिलेली नसते."

कुणी हसलं नाही. अध्यक्षांनी माझ्याकडं शांतपणे पाहिलं. "चांगलं शिकवता, सर," ते म्हणाले आणि रस्ता ओलांडून गेले. आक्कानं मोटार सुरू केली. मला वाटलं ती काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "पुढचा डबा कोनाचा हाय?"

अध्यक्षांनी शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी फुकटचा फलक पुन्हा लागला. आक्कानं हातगाडी काढली. ह्या वेळी मालकांबरोबर गाडीला आणखी सातआठ जण लागले, न बोलावता. म्हातारी आपली ज्वारी डोक्यावर घेऊन पुढं चालत होती. एवढी भरलेली गाडी बघून ऑपरेटरनं शटर ओढून घेतलं आणि आतून ओरडला की आक्काचं दळण घेणार नाही. फलकावर 'सर्वांना' आणि खाली बंद शटर, असं ते दिवसभर राहिलं. येणाराजाणारा उभा राहून वाचायचा. तिसऱ्या दिवशी फलक उतरला. उन्हाळ्यात त्या शेडमध्ये खतांचं दुकान निघालं. अध्यक्षांचं काही बुडालं नाही. त्यांचा पैसा एका दारातून निघून दुसऱ्या दारानं आत गेला. आक्काला ते कळत होतं आणि ती उगाच पेढे वाटत बसली नाही.

जूनमध्ये माझी ऑर्डर निघाली नाही. कारण विचारायला गेलो तर प्राचार्य टेबलावरच्या पेपरवेटशी खेळत राहिले. बहिणीचं लग्न सहा महिने पुढं गेलं. मी ट्रंक आवळली, गादी बांधली आणि सेनगावच्या जीपची वाट बघत गिरणीच्या दारात उभा राहिलो. त्या दिवशी मला दोन गोड शब्द हवे होते. मी आपणहून मागितले.

"आक्का, तुमच्या गिरणीपायी माझी नोकरी गेली."

तिनं पिठातला हात काढला. "माह्या गिरणीपायी? मी तुमाला बोला म्हनले होते का?"

"नाही. पण..."

"मला भाव वाढवता आला असता. फायदाच होता माहा. मी मोटार बंद केली, ते माह्या मनानं केलं. तुमी तोंड उघडलं, ते तुमच्या मनानं. हो म्हनून सुटता आलं असतं तुमाला. तुमी सुटले न्हाई." तिचा आवाज चढला होता, रागावल्यासारखा. "आयुष्यात एक काम तुमी सवताच्या हिमतीवर केलं, सर. त्यात माहा वाटा काहून लावून राहिले?"

जीपचा हॉर्न वाजला. मालकांनी ट्रंक टपावर चढवली. मला तिचा इतका राग आला होता, की मी नीट निरोपही घेतला नाही. एवढं सगळं होऊन बाई साधं 'वाईट झालं' म्हणत नाही म्हणजे काय. साखरा मागं पडलं तरी मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत होतो.

जीपमध्ये चौदा माणसं होती. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं मला ओळखलं. त्याचा नातू माझ्या वर्गात होता. "का सर, बदली झाली का?" त्यानं विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं. मी म्हणालो, "नाही बाबा. अध्यक्ष चुकीचं बोलत होते. मी त्यांना तोंडावर तसं सांगितलं, म्हणून त्यांनी काढलं." इंजिनाचा आवाज फार होता. म्हाताऱ्याला नीट ऐकू गेलं नसावं, म्हणून मी तेच पुन्हा सांगितलं, मागच्या सीटपर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं.